ऐनवेळचा विषय

मारिएल थिबोडो टेबलाखाली पोटावर पडली होती, तेव्हा तिच्या आयुष्यात लायल ब्रॅकेट आला. आधी आले ते त्याचे बूट. तपकिरी, चकचकीत, शहरातले. आमच्या टॉल्मन गावात असले बूट पहिल्या बर्फापर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

तिच्या शेजारी पहिलीतली पर्ल होती. आपली शाळा कालच संपली, असं पर्लनं त्या दिवशी सकाळी जाहीर केलं होतं आणि ती टेबलाखाली जाऊन बसली होती. अशा वेळी मोठी माणसं "बाहेर ये, बाहेर ये" करत बसतात. मारिएल आपली आत शिरली. गेली वीस मिनिटं दोघी जणी टेबलाला खालून चिकटवलेलं च्युइंगम मोजत होत्या.

"कुणी आहे का इथं?" बूट म्हणाले.

"आहोत ना. दोघी."

बूट जरा दचकले. "मी… विज्ञानाचा नवा शिक्षक. या मुलीला तुमच्याकडे पाठवायचं होतं. म्हणजे… शिक्षा म्हणून."

बुटांशेजारी निळ्या कॅनव्हासच्या बुटांची जोडी होती. ती मारिएलनं लगेच ओळखली. सातवीतली हॅटी.

"शिक्षा इथं मिळत नाही," मारिएल खालूनच म्हणाली.

"मग कुठं मिळते?"

पर्ल खुदकन हसली. तिची शाळा पुन्हा सुरू झाल्याची ती खूण होती. मारिएल उलटी सरपटत बाहेर आली. केसांत धूळ, एका पायात हिरवा मोजा, दुसऱ्यात पिवळा. समोर एक उंच, सडपातळ माणूस हात पुढे करून उभा होता आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होता. तिनं ठरवलं, आपण रागवायचं.

"मारिएल थिबोडो. समुपदेशक."

"लायल ब्रॅकेट. अपराधी… असं दिसतंय."

तिनं हॅटीला आत घेतलं आणि त्याला दाराबाहेर ठेवलं. "तुम्हाला मी मधल्या सुट्टीत बघते," म्हणाली.

आणि बघितलंच! झोपाळ्यांपाशी, शंभर पोरांच्या कलकलाटात, तिनं त्याला असा काही फैलावर घेतला की विचारू नका.

"माझी खोली म्हणजे कोठडी नाही, ब्रॅकेट सर. आज एकीला शिक्षा म्हणून पाठवलीत, तर उद्या ज्याला खरंच रडायचंय तो तिकडे फिरकणार नाही. पाठवायचं नसतं. विचारायचं असतं, जायचंय का म्हणून."

"चुकलो. कान धरू का?"

"मुलं बघतायत. नको."

"बरं, पण ती बोलली काय? वही का फाडली तिनं?"

"ते तिला विचारा."

"अर्धा तास होती तुमच्याकडे!"

"असेल. त्या खोलीत बोललेलं त्या खोलीतच राहतं. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर मी स्वतः धावत सुटेन, आणि त्या मुलाला सांगून सुटेन. बाकी काहीही माझ्या तोंडून दाराबाहेर जात नाही. बोलणाऱ्यानं बाहेर विषय काढला तर काढला. मी काढत नाही."

हे ती उगाच मिरवायला बोलत नव्हती. फेअरलॉ ही आमच्या गावातल्या आईबापांनी उभी केलेली शाळा, बालवर्गापासून आठवीपर्यंत. मुलं एकशे एकतीस आणि समुपदेशक एक. छोटी पोरं तिला 'ऐकणाऱ्या बाई' म्हणतात. तिच्या तोंडून काही काढायचा प्रयत्न कुणी केला नाही सांगा! आयांनी केला, बापांनी केला, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःच्या नातवासाठी केला. सगळ्यांना एकच उत्तर, "त्यालाच विचारा ना. हवं तर मी दोघांसोबत बसते." अध्यक्ष जाताना एक बिस्कीट तेवढं घेऊन गेले. कुणी तिला ताठ म्हणायचे, कुणी गर्विष्ठ. शाळेच्या कचेरीतल्या प्लमरबाई म्हणायच्या, "पोरगी नाही ती, विहीर आहे. टाकलं की गेलं." आणि मारिएलला त्याचा अभिमान होता, का नसावा? एवढ्याशा गावात दुसऱ्याचं पोटात ठेवणं हे काही सोपं काम नाही.

लायलनं आठवड्याच्या आत बूट बदलले. गुडघ्याएवढे, रबरी, हिरवे.

"आता टेबलाखालून ओळखाल का?" त्यानं जेवणाच्या रांगेत विचारलं.

"चालीवरून ओळखेन. तुम्ही पाय आपटता."

"कुठं लक्ष असतं हो तुमचं!"

"कामच आहे ते," ती म्हणाली खरी, पण टोमॅटोचं सूप वाटीऐवजी ट्रेमध्ये ओतलं गेलं.

ऑक्टोबरात टेकडीवरचे मेपल लाल झाले, तेव्हा तिच्या टेबलावर सफरचंदाच्या रसातला एक गरम डोनट आला. खाली चिठ्ठी होती, 'माझी शिक्षा भोगून झाली असेल तर खा.' तिनं अर्धा खाल्ला, उरलेला त्याच कागदात गुंडाळून परत पाठवला. वर लिहिलं, 'अर्धा पुरावा म्हणून ठेवा.' प्लमरबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. कारण ने-आण त्यांनीच केली होती.

हॅटीचं म्हणाल, तर ती आपणहून मारिएलकडे येऊ लागली, आणि नाताळच्या आधी तिनं विज्ञानाची नवी वही केली. लायलनं मारिएलला पुन्हा कधीच विचारलं नाही, काय झालं होतं म्हणून. एकदा फक्त जिन्यात थांबला आणि म्हणाला, "आज हॅटीनं हात वर केला." बास, एवढंच. पण म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मारिएल दोन पायऱ्या चुकली.

जानेवारीत आमच्याकडे दर शुक्रवारी दुपारी सगळी शाळा टेकडीवर स्की करायला जाते. लायल पडला ओहायोचा, सपाट मुलखातला. दुसरीतली चार पोरं त्याला शिकवत होती, "सर, गुडघे वाकवा! सर, डोळे उघडा!" सरांनी डोळे उघडले तेव्हा समोर मारिएल होती. दोघं एकमेकांवर आदळून बर्फात आडवी झाली.

"तू मला पाडलंस!" तो ओरडला.

"मी उभी होते! आणि तुम्ही 'तुम्ही' म्हणायचं विसरलात."

"आडव्या पडलेल्या माणसाला अहोजाहो जमत नाही."

तिच्या पापण्यांवर बर्फ होता. तो पुसायला त्यानं हातमोजा काढला, हात पुढे केला… आणि चार पोरं बघतायत हे लक्षात आल्यावर तोच हात टोपीकडे नेला. मारिएल म्हणाली, "ऊठ आता. गारठशील." ते 'ऊठ' म्हणताना तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की खाली येईपर्यंत ती एकटीच हसत होती.

फेब्रुवारीच्या मध्यावर, शाळा सुटायच्या सुमाराला, तो तिच्या दारात आला.

"वेळ आहे?"

"ये ना." तो मुलांच्या बीनबॅगमध्ये बसला. गुडघे कानापर्यंत आले. मारिएल आपल्या खुर्चीत बसली आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, रोज दहादा म्हणायची ते वाक्य म्हणून गेली, "इथं बोललेलं इथंच राहील."

पुढे कितीदा तिला वाटलं, तेव्हा जीभ चावली असती तर!

"मग सांगतोच," लायल म्हणाला. "माझ्या जुन्या शाळेनं परत बोलावलंय. आई-बाबा तिकडेच आहेत. शहाणा माणूस जाईल. पण मला जायचं नाहीये… सकाळी गाडीतून उतरलो की मी आधी बघतो, तुझ्या खिडकीत दिवा लागलाय का. लागला असेल तर दिवस बरा जातो. मला तू आवडतेस, मारिएल. फार."

तिच्या घशापाशी शब्द आले होते. पण ती खुर्ची! त्या खुर्चीत बसून आठ वर्षांत ती स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तिथं बोलायचं ते दुसऱ्यांनी. ती उठायला गेली, त्याच्याजवळ जायला, आणि तेवढ्यात बाहेर किंकाळी ऐकू आली. पर्ल जिन्यावरून घसरली होती, नाकातून रक्त. मारिएल धावली. परत आली तेव्हा बीनबॅगमध्ये नुसता खड्डा होता.

आता गंमत बघा. गंमत कसली, कर्मच म्हणायचं! लायल वाट बघतोय, ही उत्तर कधी देते. ही वाट बघतेय, हा बाहेर विषय कधी काढतो. कारण खोलीतलं बोलणं बाहेर आपण काढायचं नाही. अध्यक्षांसाठी मोडला नाही तो नियम स्वतःच्या सोयीसाठी मोडायचा? मग तो नियम कसला! एक दिवस गेला, चार गेले. आठव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, "थिबोडोबाई, जरा मीठ देता का तुम्ही?"

तिनं मीठ दिलं.

एकदा धीर करून तिनं विचारलं, "लायल, शाळा सुटल्यावर नदीपर्यंत चालायला येतोस?"

"समजूत घालायला नेणार असाल, तर नको," तो खाली बघत म्हणाला. "मी सातवीत नाहीये."

ती त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी बालवर्गाला 'आपल्याला काय वाटतं ते कसं सांगावं' हा धडा घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मार्चच्या पहिल्या सोमवारी प्लमरबाईंनी तिला कचेरीत गाठलं. "पुढच्या वर्षाच्या करारावर सगळ्यांच्या सह्या आल्या. ब्रॅकेटची नाही. बुधवारी दुपारी मुदत संपते. तुला काही ठाऊक आहे का गं?"

"त्यालाच विचारा ना," मारिएल म्हणाली. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गावसभा. आमच्या व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी शाळा बंद असते आणि सारं गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमतं. रस्त्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळं तिथं हात वर करून ठरतं. दुपारचं जेवण सातवी-आठवीची मुलं वाढतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला यंदा लायल होता. तो राहायचा नदीपलीकडच्या गावात. म्हणजे मतदार नाही, पाहुणा. पाहुण्यांनी भिंतीकडेच्या बाकावर बसायचं. मतदारांनी परवानगी दिल्याशिवाय बोलायचं नाही.

जेवताना मारिएलच्या ताटात हॅटीनं बीन्स वाढले, हॅम वाढलं, आणि तिथंच घुटमळली.

"बाई, मी आईला सांगितलं. माझं मीच. तुम्ही म्हणाला होतात ना, तुझी गोष्ट आहे, कधी आणि कुणाला सांगायची ते तू ठरव."

"काय म्हणाली आई?"

"रडली. मग आम्ही पॅनकेक केले." हॅटीनं नाक ओढलं. "बाई, ब्रॅकेट सर जाणारेत का हो? कुणीच काही सांगत नाही त्यांना, थांबा म्हणून."

हॅटीनं आईला काय सांगितलं, ते मला विचारू नका. मलाही ठाऊक नाही. पण मारिएल तिथं काटा हातात धरून खिळल्यासारखी बसली. आठ वर्षं ती मुलांना हेच सांगत आली होती. दुसऱ्याचं गुपित सांभाळायचं, पण आपली गोष्ट आपली असते. लायल जे बोलला ते लायलचं होतं. त्याला हात लावायचा नव्हता. पण तिच्या स्वतःच्या मनात जे होतं, ते कुठल्या खोलीत कुणी बोललं होतं? ते तर अजून कुठंच बोललं गेलं नव्हतं! अगं वेडे, तिनं स्वतःला म्हटलं, तुझं तोंड कुणी बांधलंय?

तिनं भिंतीकडे पाहिलं. लायल खरकटी ताटं गोळा करत होता. तिच्याकडे न बघण्याचं काम तो फार मन लावून करत होता.

दुपारी सभापती एव्हरेट कोल्बी पुन्हा उभे राहिले. कोल्बीकाकांचा गाईंचा गोठा, आणि आवाजही गोठ्यातला. कुणीही बोललं तरी त्यांच्याकडे बघून बोलायचं, आपापसात नाही, हा सभेचा कायदा. साडेतीनला ते म्हणाले, "शेवटचा मुद्दा. ऐनवेळचे विषय. आहे कुणाचा? नसेल तर उठू या."

मारिएल उभी राहिली.

"बोल, मारिएल. विषय काय?"

"लायल ब्रॅकेट."

भिंतीकडे एक ताट खाली पडलं.

"तो आपल्या गावचा मतदार नाही," कोल्बीकाका म्हणाले.

"तोच विषय आहे, सभापती. त्यानं व्हावं."

कुणीतरी हसलं, कुणीतरी "श्श" केलं. मारिएलनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "माझ्या खोलीत कोण काय बोलतं, ते मी सांगत नाही आणि सांगणार नाही. पण हे माझं स्वतःचं आहे. मला लायल ब्रॅकेट आवडतो. खूप आवडतो. तो समोरून आला की मी पायऱ्या चुकते. तो जाऊ नये, असं मला वाटतं… त्यानं इथं राहावं, असा माझा ठराव आहे."

"ऐनवेळच्या विषयातला ठराव कुणावर बंधनकारक नसतो," कोल्बीकाका म्हणाले. "हे मला सांगावं लागतं."

"बंधनकारक नकोच आहे. त्याची मर्जी असेल तर."

"अनुमोदन?"

प्लमरबाई इतक्या झटक्यात उठल्या की त्यांची खुर्ची मागे आडवी झाली. "माझं!"

"चर्चा?"

"सभापती," भिंतीकडून आवाज आला. लायल उभा होता, गळ्यात वाढप्याचा एप्रन, कान लालबुंद. "मला बोलायचंय."

"पाहुण्याला बोलू द्यायचं का?"

"हो!" सगळी व्यायामशाळा ओरडली. मत नसलेली पोरं सगळ्यात मोठ्यानं ओरडली.

लायलनं कायद्याप्रमाणे सभापतींकडे तोंड केलं. "मला आधी एक विचारायचंय. तीन आठवड्यांपूर्वी मी थिबोडोबाईंना त्यांच्या खोलीत एक गोष्ट सांगितली होती. ती इथं कुणाच्या कानावर आली का?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांनी प्लमरबाईंकडे बघितलं. गावातलं काहीही आधी त्यांनाच कळतं.

"माझ्याकडे काय बघताय?" बाई तडकल्या. "मला काऽही माहीत नाही! आणि मी विचारलं नव्हतं थोडंच!"

लायल हसला. हसताना त्याचा आवाज मात्र कापला. "सभापती, मला वाटलं ती गप्प बसली म्हणजे नाही म्हणाली. मी रागावलो. तिच्याशी वाईट वागलो. गाढव आहे मी. माझी गोष्ट तिनं टाकून दिली नव्हती, सांभाळून ठेवली होती. मीच सांगितलेली, तरी माझ्यासमोरसुद्धा उघडी केली नाही तिनं. मी चार शाळांत शिकवलंय. अशी बाई कुठं बघितली नाही. तुमची मुलं हिच्या हातात आहेत, याचा तुम्हाला अभिमान असेलच. मला तुमच्यापेक्षा जास्त आहे."

कोल्बीकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे ठरावाच्या बाजूनं धरायचं, का विरोधात?"

"बाजूनं, सभापती. पूर्ण बाजूनं."

"मग मत घेऊ. बाजूनं?"

तो आवाज नदीपलीकडे गेला असणार.

"विरोधात?" कोल्बीकाका थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले, गावाला ती शांतता नीट ऐकू यावी म्हणून. "ठराव मंजूर."

लायल चालत आला तो थेट मतदारांच्या खुर्च्यांमध्ये. मारिएलच्या शेजारच्यानं न सांगता जागा करून दिली.

"ब्रॅकेट, त्या खुर्च्या मतदारांच्या आहेत," कोल्बीकाका गरजले.

"या गावात घर मिळालं की त्याच दिवशी नाव नोंदवतो, सभापती. आज बसू द्या."

"माझी माडी रिकामी आहे!" तीन कोपऱ्यांतून तीन बायका एकदम ओरडल्या.

तो बसला. एप्रनखालच्या खिशातून त्यानं घडी पडलेला करार काढला. "पेन आहे का गं तुझ्याकडे?" त्यानं हळूच विचारलं. ते 'तुझ्याकडे' ऐकलं आणि मारिएलचे डोळे भरून आले. तिनं पेन दिलं. त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि मग सभेचा कायदाबियदा सगळा गुंडाळून ठेवून तिच्याकडे तोंड केलं.

"आता इथं दार नाही, खुर्ची नाही, काही नाही," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मला तू आवडतेस, मारिएल."

"मलाही तू," ती म्हणाली.

पुढच्या टेबलावर गावाचा कारकून वाकून इतिवृत्त लिहीत होता. त्यानं पेन्सिल थांबवली आणि मान वर करून विचारलं, "हे पण लिहायचं का, बाई?"

मारिएल थिबोडोनं हनुवटी वर केली.

"लिहा," ती म्हणाली. "आणि अक्षर चांगलं काढा."